धूर कोणाचा मोजायचा?

१५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या अडीच महिन्यांत पंजाबात भाताची धसकटे जाळण्याच्या किती घटना घडल्या, याचा आकडा दरवर्षी दिल्लीत जाहीर होतो. २०२० साली तो ८३,००२ होता. २०२१ मध्ये ७१,३०४, २०२२ मध्ये ४९,९२२, २०२३ मध्ये ३६,६६३, २०२४ मध्ये १०,९०९ आणि २०२५ मध्ये अवघा ५,११४. पाच वर्षांत सुमारे ९४ टक्के घट! दारिद्र्य, कुपोषण, निरक्षरता यांपैकी कोणत्याही आघाडीवर भारतीय प्रशासनाने असा पराक्रम गाजवल्याची नोंद नाही. साहजिकच केंद्र सरकार, राज्य सरकार आणि हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग हे तिघेही या यशाचे श्रेय घेण्यासाठी पुढे सरसावले आहेत. परंतु १४ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे पंजाबच्या शेतांत गव्हाची रोपे वर आलेली असताना आणि धसकटांचा हंगाम केव्हाच सरलेला असताना, दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४६० च्या पुढे गेला होता. यशाचा आकडा आणि दिल्लीकराचा श्वास यांचा मेळ कोठेच बसत नाही. तो का बसत नाही, हे पाहण्यासाठी आधी हा आकडा जन्माला कसा येतो ते समजून घ्यावे लागते.

हा आकडा शेतात जाऊन कोणी मोजत नाही. तो आकाशातून येतो. नासाच्या टेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस, तसेच सुओमी एनपीपी व त्यापुढील उपग्रहांवरील व्हिअर्स ही उपकरणे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून निघणारे अवरक्त किरण टिपतात. साध्या तापलेल्या जमिनीच्या मानाने ज्वाळा चार मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास कितीतरी अधिक तेजाने झळकतात आणि अकरा मायक्रॉनच्या आसपास हा फरक फारसा पडत नाही. या दोन मापांची तुलना करून चित्रातल्या कोणत्या चौकटीत आग आहे हे संगणक ठरवतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रयोगशाळा इस्रोने घालून दिलेल्या पद्धतीनुसार ही माहिती गोळा करते आणि जिल्हावार आकडे प्रसिद्ध करते. धूर टिपण्याची रीत निराळी आहे. हवेतील सूक्ष्म कण सूर्यप्रकाश किती अडवतात यावरून धुराच्या थराची घनता काढली जाते आणि वाऱ्याच्या गणितावरून तो थर उद्या कोठे पोचेल याचा अंदाज बांधला जातो. हे शास्त्र अव्वल दर्जाचे आहे. ज्यांनी ते उभारले त्यांच्याविषयी येथे काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती या शास्त्राचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा हे ठरवणाऱ्यांविषयी.

मोडिस आणि व्हिअर्स वाहून नेणारे उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात. पंजाबवरून ते ठरावीक वेळीच जातात. धसकटांच्या दृष्टीने महत्त्वाची फेरी दुपारी दीडच्या सुमाराची. त्यानंतर पेटलेली आणि दोन तासांत विझलेली आग त्यांच्या लेखी पेटलेलीच नसते. शेतातल्या पेंढ्याची आग ही जंगलातल्या वणव्यासारखी दिवसचे दिवस चालत नाही. ती भडकते आणि विझते. शेतकऱ्याला हे समजायला पदवी लागत नाही. २०२४ च्या हंगामात नासाशी संबंधित एका संशोधकाने दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे पुढे ठेवून दाखवले की, दुपारची फेरी संपल्यावर धुराचे लोट उठत आहेत. महसुली कर्मचारीच शेतकऱ्यांना वेळ सांगतात, अशी वृत्तेही त्या सुमारास छापून आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निघाला आणि भूस्थिर उपग्रहांची माहिती मिळवा, असे न्यायालयाला सांगावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये आयफॉरेस्ट या संस्थेने हिंदी महासागरावर स्थिरावलेल्या युरोपीय मेटिओसॅट उपग्रहाच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी तपासल्या. २०२१ मध्ये पंजाबातील मोठ्या आगींपैकी जेमतेम तीन टक्के दुपारी तीननंतरच्या होत्या. २०२४ आणि २०२५ मध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले होते. जळालेले क्षेत्र घटले आहे, हे त्याच अहवालात नमूद आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ती घट पाव ते एकतृतीयांश आहे. ९४ टक्के नव्हे.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाची चर्चा करताना एक निरीक्षण मांडले होते. एखाद्या सांख्यिकीय मापाला नियंत्रणाचे साधन केले, की त्या मापाचा भरवसा उरत नाही, असा त्याचा आशय. बँकांच्या बाबतीत जे खरे ठरले ते लुधियाना आणि संगरूरच्या बाबतीतही खरे ठरले आहे. उद्दिष्ट 'धूर कमी करा' असे नव्हते. जिल्हाधिकाऱ्याला जाब विचारला जात होता तो ठिपक्यांच्या संख्येबद्दल. ठिपके कमी झाले. धूर संध्याकाळी उठू लागला, आणि संध्याकाळी हवेचा मिसळणारा थर खाली येत असल्यामुळे तो जमिनीलगत अधिक साचतो. म्हणजे या आकडेबाजीने रोग बरा केला नाही, उलट रुग्णाला अधिक वाईट वेळी औषध चुकवायला शिकवले.

याहून गंभीर गोष्ट चौकटीच्या आकाराची. व्हिअर्सची चौकट ३७५ मीटरची. म्हणजे तिच्यात सुमारे १४ हेक्टर, ३५ एकर जमीन मावते. मोडिसची चौकट एक किलोमीटरची, म्हणजे १०० हेक्टर. पाच एकरवाल्या शेतकऱ्यांची सात शेते व्हिअर्सच्या एका ठिपक्यात बसतात. त्यांतले कोणते पेटले हे उपग्रह सांगत नाही. ते सांगण्यासाठी पटवारी आणि कृषी खात्याचा माणूस शिवारात पाठवावा लागतो. तेथे कोणाचे नाव नोंदवायचे आणि कोणाचे विसरायचे, हे ठरवताना आकाशातली निःपक्षपाती यंत्रे मदतीला येत नाहीत. तेथे गावातली जुनीच तराजू चालते. मोठ्या जमीनदाराच्या नावापुढे पटवाऱ्याची लेखणी किती वेगाने चालते, हे महाराष्ट्रातल्या तलाठ्याचा अनुभव असलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यात पंजाबात ठेक्याने जमीन कसण्याची पद्धत मोठी. नोंद जमिनीच्या दप्तरात लाल शाईने होते आणि काडी ओढणारा कित्येकदा ठेकेदार कुळ असतो. दंडाची रक्कम मालकाने भरली तरी ती पुढच्या ठेक्याच्या दरातून वसूल होते.

हा दंडही पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानुसार दोन एकरांखालच्या शेतकऱ्याला २,५०० रुपये, पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्यावर १५,००० अशी आकारणी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती दुप्पट केली. पाच एकरांच्या वर मग सहा एकर असोत वा साठ, आकारणी तीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणा सरकारने तर लाल नोंद झालेल्या शेतकऱ्याला दोन हंगाम सरकारी खरेदीच्या बाजारात माल विकता येणार नाही, असा आदेश काढला. हमीभावाने खरेदी हा ज्याच्या संसाराचा एकमेव आधार, त्याला तोच आधार काढून घेण्याची धमकी! १७ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने काही शेतकऱ्यांना तुरुंगात पाठवून योग्य तो संदेश का देऊ नये, अशी विचारणा केली. अमरावतीच्या मातीतून वर आलेल्या न्यायमूर्तींना शेतकऱ्याच्या हतबलतेची ओळख नसेल असे कोण म्हणेल? तरीही संदेश देण्यासाठी पहिली आठवण झाली ती शेतकऱ्याचीच.

आता दुसरे चित्र. उपग्रहांना केवळ शेतातली आग दिसते असे नव्हे. २००४ साली सोडलेल्या ऑरा उपग्रहावरील आणि २०१७ च्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील उपकरणांना हवेतील सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड दिसतात. भारताच्या नकाशावर सिंगरौली आणि इतर औष्णिक वीज केंद्रांचे पट्टे या चित्रांत वर्षाचे बाराही महिने ठळकपणे उमटतात. सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेट कणांत रूपांतर होते आणि ते कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात. दिल्लीच्या फुफ्फुसात जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा लक्षणीय भाग अशा प्रकारे हवेतच तयार झालेला असतो. या धुराड्यांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा ठरवल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०१७ ची मुदत पुढे ढकलली गेली. मग पुन्हा ढकलली गेली, आणि पुन्हा. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के वीजसंच गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याच्या बंधनातून मोकळे करण्यात आले. भारतीय कोळशात गंधक कमी असते, वीज महाग होईल, यंत्रणा बसवून हवेत फारसा फरक पडणार नाही, अशी कारणे त्यासाठी देण्यात आली. खर्चाची सबब कारखानदाराने पुढे केली की तिला 'व्यवहार्यता' म्हणतात. तीच सबब पाच एकरवाल्याने पुढे केली की तिला 'आडमुठेपणा' म्हणतात.

धुराड्याचा पत्ता शोधायला पटवारी लागत नाही. ते जागचे हलत नाही, दुपारी दीडनंतर लपत नाही, त्याचा मालक कोण हे कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलेले असते. ज्याला शोधणे सर्वांत सोपे, त्याला दहा वर्षांची मुदत आणि शेवटी माफी. ज्याला शोधण्यासाठी अंतराळातून नजर ठेवावी लागते, त्याला त्याच आठवड्यात दंड. उपग्रहाच्या डोळ्याला वर्ग नसतो. त्याने पाहिलेले वाचणाऱ्या राज्यसंस्थेला तो असतो.

धसकटांच्या धुराचा दिल्लीच्या प्रदूषणात वाटा किती, याचे उत्तर देणाऱ्या दोन महत्त्वाच्या संस्था पुण्यात आहेत, ही बाब मराठी वाचकाने लक्षात घ्यावी. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था दिल्लीसाठी रोजचा अंदाज पुरवते. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वारा वायव्येचा असताना, काही मोजक्या दिवशी धसकटांचा वाटा तीस टक्क्यांच्याही वर गेल्याचे तिच्या आकड्यांत दिसते. वारा फिरला की तो एक-दोन टक्क्यांवर येतो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या दुसऱ्या संस्थेने टेरीबरोबर २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात संपूर्ण हिवाळ्याचा हिशेब मांडला होता. दिल्लीच्या अतिसूक्ष्म कणांत उद्योगांचा वाटा ३० टक्के, वाहनांचा २८, धुळीचा १७, घरगुती इंधनाचा १० आणि शेतातल्या जाळण्याचा ४ टक्के. हे आकडे सरकारच्याच खात्याने करवून घेतलेले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातही हाच चार टक्क्यांचा आकडा आला, तेव्हा न्यायमूर्तींनाही आश्चर्य वाटले होते. दरवर्षी नोव्हेंबरात दूरचित्रवाणीवर पेटलेली शेते दाखवली जातात. दिल्लीतील लाखो खाजगी मोटारींचे असे लाल ठिपके नकाशावर कधी कोणी दाखवले आहेत काय?

याचा अर्थ पंजाबचा धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. तसे म्हणणारे काही शेतकरी पुढारी आपल्याच माणसांचे अहित करीत आहेत. त्या धुरात सर्वप्रथम घुसमटतो तो शेतकरी स्वतः, त्याच्या घरातली बाई, तान्हे मूल आणि दमेकरी म्हातारा. दिल्लीला धूर पोचण्याआधी तो भटिंड्याला पोचलेला असतो. मातीतला नत्र आणि सेंद्रिय द्रव्य जळते ते वेगळेच. प्रश्न एवढाच की, हे सर्व ठाऊक असलेला माणूस काडी का ओढतो?

त्याचे उत्तर आकाशात सापडत नाही, अर्थशास्त्रात सापडते. १९६०-६१ साली पंजाबात भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती तीस लाख हेक्टरांच्या वर आहे. पंजाबी माणूस भात खाणारा नव्हे. देशाच्या शिधावाटप यंत्रणेला धान्य हवे होते, म्हणून अन्न महामंडळाची खात्रीची खरेदी, हमीभाव आणि पुढे फुकट वीज या तीन दोऱ्यांनी त्याला भाताला बांधण्यात आले. १९८६ सालीच सरदारासिंग जोहल समितीने गहू-भाताखालील वीस टक्के जमीन अन्य पिकांकडे वळवा, असे सांगितले होते. त्या पिकांना खरेदीची हमी कोणी दिली नाही, म्हणून जमीन वळली नाही. भूजल खाली गेले, तेव्हा २००९ साली कायदा करून १० जूनच्या आत भाताची लावणी करण्यास बंदी घालण्यात आली, आणि पुढे ही तारीख आणखी लांबवण्यात आली. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने कायदा योग्यच होता. पण लावणी पुढे गेली, तशी कापणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेली. गहू मध्य नोव्हेंबरपर्यंत पेरला नाही तर उतारा घटतो. उरले दोन-तीन आठवडे. मजूर महाग, म्हणून कापणी कंबाईन हार्वेस्टरने. हे यंत्र कणसे घेते आणि गुडघाभर ताटे व विखुरलेला पेंढा मागे टाकते. भाताच्या पेंढ्यात सिलिका अधिक, म्हणून तेथील जनावरे तो आवडीने खात नाहीत. असा सुमारे दोन कोटी टन पेंढा तीन आठवड्यांत हलवायचा, तोही स्वतःच्या खर्चाने.

लवकर तयार होणारे पीआर-१२६ हे वाण लुधियानाच्या विद्यापीठाने दिले. त्याने पंधरा-वीस दिवस वाचतात, हे खरे. पण एक क्विंटल भातामागे ६७ किलो तांदूळ देण्याचा महामंडळाचा दंडक पाळताना या वाणात तूट येते, अशी गिरणीवाल्यांनी २०२४ मध्ये ओरड केली आणि शेतकऱ्याचा माल बाजारात पडून राहिला. लांब मुदतीचे वाण पेरावे तर धूर होतो म्हणून दंड, कमी मुदतीचे पेरावे तर खरेदीत अडवणूक. हा पेच उपग्रहाच्या कोणत्या चौकटीत दिसतो?

सरकारने यंत्रांवर भर दिला. २०१८ पासून केंद्राने साडेतीन हजार कोटींहून अधिक रुपये दिले आणि राज्यांतून तीन लाखांवर यंत्रे वाटण्यात आली. पेंढा न काढता गहू पेरणारी ही यंत्रे तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहेत. मात्र ती ओढायला मोठा ट्रॅक्टर लागतो, आणि ती वर्षातून वीस-पंचवीस दिवस चालतात. उरलेले अकरा महिने हे भांडवल गोठ्याशेजारी गंजत उभे असते. वैयक्तिक खरेदीला निम्मे अनुदान आणि सहकारी संस्थांना ऐंशी टक्के, अशी योजना होती. निम्मी रक्कम खिशातून घालण्याची ऐपत कोणाची, हे उघड आहे. अनुदानाचा खरा लाभ यंत्रे बनवणाऱ्यांना झाला, त्यानंतर मोठ्या शेतकऱ्यांना, आणि भाड्याने यंत्र मिळेल या आशेवर छोटा शेतकरी रांगेत उभा राहिला. त्याची पाळी येईपर्यंत नोव्हेंबर अर्धा सरलेला असतो.

एक सरळ मार्ग ६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच दाखवला होता. जाळणार नाही अशा छोट्या शेतकऱ्याला क्विंटलमागे शंभर रुपये द्या, असा तो आदेश. एकरी सव्वीस क्विंटल धरले तर २,६०० रुपये होतात, म्हणजे पेंढा आवरण्याच्या खर्चाचा मोठा भाग भागतो. पंजाब सरकारने एकरी अडीच हजार देण्यास प्रारंभ केला. पैसा नाही म्हणून आणि खोट्या मागण्या आल्या म्हणून योजना थोड्याच काळात गुंडाळली गेली. २०२२ मध्ये पंजाब आणि दिल्ली सरकारांनी एकरी अडीच हजारांतील पंधराशे केंद्राने द्यावेत, बाकीचे आम्ही देतो, असा प्रस्ताव मांडला. केंद्राने तो फेटाळला. पंजाबात सरकार दरसाल १७० लाख टनांच्या आसपास भात खरेदी करते. लहान-मोठा असा भेद न करता सरसकट प्रत्येकाला शंभर रुपये दिले तरी बेरीज १,७०० कोटींच्या घरात जाते. केवळ छोट्यांना दिले तर त्याहून कितीतरी कमी. कोट्यवधी माणसांच्या श्वासाची ही किंमत जड वाटणाऱ्या सरकारला वीजसंचांना माफी देताना त्या श्वासाचा हिशेब करावासा वाटला नाही.

संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन दरवर्षी भाताच्या लावणीपूर्वी होते. त्यात दोन तरतुदी करण्याजोग्या आहेत. भाताऐवजी मका, डाळी वा कापूस घेणाऱ्याला हमीभावाने खरेदीची कायदेशीर हमी, आणि ज्यांना भातच घ्यावा लागतो अशा पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना एकरी रोख साहाय्य, तेही कापणीपूर्वी. आणि कृषी संशोधन संस्थेच्या रोजच्या पत्रकात ठिपक्यांच्या शेजारी जळालेल्या क्षेत्राचा रकाना असावा, तसेच त्याच पानावर राजधानी परिसरातील प्रत्येक वीजसंचाच्या धुराड्यातून त्या दिवशी किती गंधकवायू बाहेर पडला याचाही. धुराड्यांवर मोजणारी यंत्रे बसवण्याची सक्ती पूर्वीच झालेली आहे. आकडे दप्तरात आहेत, ते त्या पानावर आणण्यास एक कारकून पुरेसा आहे.